सातबारावरची आमची सही



गेले तीन आठवडे क्लेटनमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर एक जाड पाकीट पडून होतं. उडून जाऊ नये म्हणून त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली. आत कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. दोडामार्ग तालुक्यातली आमची वडिलोपार्जित जमीन रबराची लागवड करणाऱ्या एका पार्टीला विकायची. सातबारावर आमचं नाव चुलतभावांबरोबर सामाईक, म्हणून आमची सही हवी. जमीन म्हणजे सहा एकर डोंगरउतार. ऐन, किंजळ, थोडी काजू, वरच्या अंगाला दाट राई आणि तिच्या पायथ्याशी बारीकसा व्हाळ. आम्ही उभयतांनी ती पाहिली त्याला आता आठ वर्षं झाली.

खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी आम्ही कॅल्क्युलेटरच काढला. आमच्या हिश्श्यातून घराच्या कर्जाला बऱ्यापैकी हातभार लागला असता. मागच्या अंगाला एक खोली वाढवायचं कधीचं मनात आहे, तेही जमलं असतं. सही त्याच आठवड्यात झाली असती, पण कन्येचा शाळेतला प्रकल्प आडवा आला. विषय उष्ण कटिबंधातली जंगलतोड! पाकिटाशेजारीच तिनं ॲमेझॉनचा नकाशा पसरला आणि 'बाबा, सत्तावीस हजार आठशे चौरस किलोमीटर म्हणजे केवढं?' असं विचारलं. 2004 या एका वर्षात ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचं तेवढं जंगल तुटलं होतं. आम्ही आपलं सवयीनं गोव्याच्या मापानं मोजलं. सात गोवे बसतील आणि वर थोडी जागा उरेल. मग तिचं लक्ष पाकिटाकडे गेलं. 'आणि आपलं किती?' आपलं सहा एकर. ती हसली. आम्हाला काही हसू येईना.

दादाला फोन केला. दादा म्हणजे आमचा थोरला चुलतभाऊ, गावचं घर तोच सांभाळतो. तो म्हणाला, 'अरे, रबर पण झाडच ना? हिरवं ते हिरवंच दिसणार.' वरवर पाहता खरं आहे. पण राईत उंच झाडं, त्याखाली मधली, त्याखाली झुडपं, वेली आणि जमिनीवर पाल्याचा जाड थर असतो. पावसाचा मार या सगळ्या मजल्यांवर विभागला जातो. पाणी हळूहळू मुरतं आणि व्हाळाला उन्हाळ्यापर्यंत पुरतं. रबर लावायचं तर आधी सगळं साफ करायचं, जेसीबी लावून उतारावर पायऱ्या काढायच्या आणि एकाच जातीची, एकाच वयाची झाडं ओळीनं उभी करायची. खालची जमीन तणनाशक मारून मोकळी ठेवायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात उघड्या मातीचं काय होणार, ते कोकणातल्या माणसाला आम्ही काय सांगावं! पाण्याबरोबर माती निघून जाते आणि व्हाळ लवकर आटतो. शिवाय रबराच्या बागेत धनेशाला फळ नाही, हत्तीला चारा नाही. कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात आले ते 2002 च्या सुमारास, आणि तेव्हापासून गावकऱ्यांच्या माडाकेळींचं नुकसान चालूच आहे. रानातलं खाणं जितकं कमी होईल तितका त्यांचा मोर्चा बागांकडे वळणार.

डोंगर कापण्याची भीती तर वेगळीच. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. मुसळधार पाऊस हे कारण होतंच, पण उतारावरची झाडं काढून जमीन सपाट केल्याकडेही अनेक जाणकारांनी बोट दाखवलं. 2021 च्या जुलैत महाडजवळचं तळिये आणि 2023 च्या जुलैत खालापूरचं इर्शाळवाडी. प्रत्येक दरडीचं कारण एकच नसतं, हे मान्य. तरी उताराला हात लावताना माणसानं दहादा विचार करावा, एवढं तरी यातून घ्यायला हवं.

कायद्याचं म्हणाल, तर 2013 साली मुंबई उच्च न्यायालयानं दोडामार्ग तालुक्यात झाडतोडीला मनाई केली. आम्ही दादाला त्याची आठवण दिली. 'पार्टी म्हणते, ते आम्ही बघून घेऊ,' तो म्हणाला. हे 'बघून घेऊ' ऐकून आमच्या पोटात गोळाच आला.

आता वाटेल, सहा एकरांनी जगाचं काय बिघडतं? पण जंगल असंच सहा-सहा एकरांनी जातं. माणूस हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण दहावा हिस्सा कोळसा-पेट्रोलमुळे नव्हे, तर जंगलं तोडून जमिनीचा वापर बदलल्यामुळे येतो. शिवाय जंगल स्वतःचा पाऊसही पाडतं. ॲमेझॉनमध्ये झाडांनी सोडलेली वाफ पुन्हा पाऊस होऊन पुढच्या जंगलावर पडते. झाडं गेली की ती साखळीच तुटते. कन्येच्या प्रकल्पातली दिलासा देणारी गोष्ट एवढीच, की ब्राझीलनं पहारा आणि कायदा कडक केल्यावर 2012 पर्यंत ती तोड साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आली होती. पुढे पुन्हा वाढली, हेही खरं. म्हणजे हे सारं माणसाच्या हातात आहे, आणि हात ढिला पडला की सुटतं.

ज्या देशात आपण राहतो तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही. क्वीन्सलँडमध्ये ब्रिगलोची रानं पिढ्यान् पिढ्या गुरांसाठी साफ होत राहिली. आपल्या व्हिक्टोरियात गव्हासाठी आणि मेंढ्यांसाठी झाडं तोडली, तेव्हा खोल मुळांनी पाणी पिणारं कोणी उरलं नाही. भूजल वर चढलं, येताना जमिनीच्या पोटातलं मीठ घेऊन आलं आणि शेतं पांढरी पडली. कोकणात झाडं गेली की पाणी पळतं, इथे झाडं गेली की पाणी वर येतं. तऱ्हा दोन, चूक एकच. शेवटी 1986 च्या नोव्हेंबरात सेंट अर्नॉडजवळच्या विंजलॉकला शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन पहिला लँडकेअर गट काढला. ज्यांच्या बापजाद्यांनी झाडं तोडली, तेच रोपं लावायला लागले.

आणि आपलं क्लेटन? मोनॅश विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा तिथे बरीचशी उघडी शेतजमीन होती. प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक जॉक मार्शल यांनी हट्ट धरून तिथे देशी झाडं लावून घेतली. त्यांच्या नावाचं छोटं राखीव रान अजून विद्यापीठाच्या आवारात आहे. रविवारी आम्ही तिघं तिथे चक्कर मारून आलो. घरी परतताना गल्लीतली घरं मोजली. पाच जुनी घरं पाडून तिथे युनिटं झाली आहेत, मागची अंगणं गेली. आमच्याही अंगणातला गमट्री वाढीव खोलीच्या नकाशात लाल फुलीखाली होता! दादाला उपदेश करणारे आम्ही ते हेच.

खरी अडचण दादानं एका वाक्यात सांगितली होती, 'तुका थंयसून सांगूक सोप्पा आसा.' त्याच्या धाकट्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे आणि फी भरायची आहे. त्यासाठी जमीन काढली होती. हौस म्हणून नव्हे. परदेशात बसून 'जंगल राखा' म्हणायचं आणि राखण्याचा खर्च दुसऱ्यावर टाकायचा, हा कुठला न्याय?

म्हणून दोघांनी बसून ठरवलं. सही करायची नाही. पण पुतणीच्या चारही वर्षांच्या फीचा अर्धा भार आम्ही उचलायचा, काजूच्या उत्पन्नातला आमचा हिस्सा कायमचा दादाकडे, आणि मागची खोली तूर्तास रद्द. गमट्री वाचला, तो असा! दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. 'भाओजी, अर्धीचं बघतो आम्ही. पण मे महिन्यात या आणि व्हाळावरचा बांध घालायला हात लावा.' तिकिटं काढली आहेत.

जवळच हेवाळे-बांबर्डेला जायफळाच्या कुळातल्या झाडांची एक दलदलीतली राई आहे. गावकऱ्यांनी देवाच्या नावानं पिढ्यान् पिढ्या राखलेली. 2021 साली सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. कन्येला ती दाखवायची आहे.

मंडळी, आपल्यापैकी कित्येकांची नावं कुठल्या ना कुठल्या सातबारावर असतील. उद्या तुमच्याही टेबलावर असं पाकीट येईल. सही करण्याआधी दोनच गोष्टी विचारा. तिथे पुढे काय उभं राहणार? आणि नाही म्हणालो, तर त्याची किंमत गावात कोण मोजणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आम्ही' असं देता आलं, तरच पहिला विचारण्याचा आपल्याला अधिकार.

लोणच्याची बरणी आता पुन्हा फडताळात गेली आहे.