बंद सोलर भंगारात नको, चालू हवे : नाशिकच्या गृहसंस्थांना जाहीर आवाहन

अंघोळीचे पाणी तापवायला किती ऊर्जा लागते, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून काढता येते. त्यासाठी विक्रेत्याला विचारावे लागत नाही. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल लागतात. जानेवारीच्या पहाटे नाशिकमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी १५ अंशांच्या घरात असते, अंगावर घ्यायला ते ४० अंशांचे लागते. १८ लिटरची बादली २५ अंशांनी तापवली, की अर्धा युनिट वीज गेली. चौघांचे घर, माणशी एक बादली, तीस दिवस : ६० युनिटांच्या वर. बादलीऐवजी शॉवर असेल, तर पाच-सहा मिनिटांत ५० लिटर सहज वाहतात आणि महिन्याचा आकडा पावणेदोनशे युनिटांकडे जातो.

हे युनिट स्वस्त नसतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांचा दर ६ रुपयांच्या आत होता, १०१ ते ३०० या टप्प्याचा साडेअकराच्या जवळ. वर १६ टक्के वीज शुल्क. दिवे, पंखे, फ्रिज आणि टीव्ही यांतच पहिले शंभर संपतात, म्हणून थंडीत चढणारा गिझरचा प्रत्येक युनिट महाग टप्प्यात पडतो. त्या दराने चौघांच्या घरात माणशी एका बादलीचा खर्च महिन्याला आठशे रुपयांपुढे जातो. बिल आले की महावितरणच्या नावाने बोटे मोडली जातात. गिझरचे बटण मात्र रात्रभर चालूच असते.

विजेने पाणी तापवणे ही मुळातच उलटी रीत आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर वीज बनते. वाटेत कोळशातली जवळपास दोन तृतीयांश उष्णता वाया जाते. उरलेली वीज तारांवरून घरी आणून तिने पुन्हा पाणीच तापवायचे. देशाच्या वीजजाळ्यात दर युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा निकषांत बसत नाही म्हणून नोंद झाली, त्यांत नाशिक आहे, हेही विसरून चालणार नाही.

या सगळ्यावरचा उपाय, पाणी तापवणारे सोलर, शहराच्या गच्च्यांवर कधीच येऊन बसला आहे. संतापाची गोष्ट ही, की तो बंद आहे. मोठ्या नव्या इमारतींवर सौरऊर्जेवर पाणी तापवण्याची किंवा वीज बनवण्याची सोय करण्याच्या अटी राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत आहेत. त्याआधीच्या इमारतींवरही बिल्डरांनी सोलर बसवले. माहितीपत्रकात ते झळकले, फ्लॅट विकले गेले. दोन-तीन हिवाळ्यांनी खालच्या मजल्यावर कोमट पाणी येऊ लागले, घरोघर गिझर लागले, मेंटेनन्समधून सोलरचा खर्च वगळला गेला. आज गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गच्चीवर जावे : नळ्यांवर धुळीचा थर, दोन-चार नळ्यांच्या जागी भोके, टाकीखाली गंजाचा ओघळ आणि स्टँडवर कबुतरे. आता सौर विजेच्या पॅनेलना जागा हवी म्हणून हे सोलर भंगारात काढण्याचे ठराव सभांपुढे येत आहेत. गच्ची न पाहता असा ठराव मंजूर करणे हा सभासदांच्याच पैशाचा अपमान आहे.

बहुतेक सोलर सूर्याअभावी बंद पडलेले नसून पाइपमुळे बंद पडले आहेत. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये ०.३ लिटर पाणी मावते. गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत २५ मीटर पाइप असेल, तर गरम पाणी पोचण्याआधी साडेसात लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली, गार पाणी मोरीत सोडावे लागते. पाइपवर आवरण नसेल, तर मागून येणारे पाणीही वाटेत निवते. वरच्या मजल्याला चटका आणि तळमजल्याला गारठा, अशी तक्रार वर्षानुवर्षे होते आणि दोष यंत्रणेला दिला जातो. यावरचा इलाज जुना आणि माहितीचा आहे : पाइपला फोमचे आवरण, प्रत्येक विंगला वेगळी लाइन, तळाशी परतीचा पाइप आणि पहाटे साडेपाच ते आठ टायमरवर चालणारा छोटा पंप. पंपामुळे पाइपमधले गार पाणी टाकीत परतते आणि नळ उघडताच गरम पाणी येते.

नळीचे आयुष्य पाहायलाही तज्ज्ञ लागत नाही. काचेच्या दुहेरी नळीच्या बंद टोकाला आतून चंदेरी, आरशासारखा डाग असतो; तो बेरियमचा लेप. नळीच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकाकतो. हवा आत शिरली, की दुधासारखा पांढरा पडतो. पांढऱ्या टोकाची नळी बदलायची, बाकीच्या ठेवायच्या. संपूर्ण यंत्रणा मोडीत काढण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. क्षारांचाही प्रश्न आहे. महापालिकेचे गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतले पाणी तुलनेने मृदू असते. बोअर आणि टँकरच्या पाण्याने मात्र नळीच्या तळाशी चुन्यासारखा थर साचतो. वर्षातून एकदा नळ्या काढून धुतल्या, तर तो जातो. तांब्याच्या सपाट पॅनेलमध्ये साचलेला क्षार सहज निघत नाही, म्हणून बोअरचे पाणी असलेल्या सोसायटीने पॅनेल घेताना उष्णता-विनिमयक असलेलेच घ्यावे. एक खबरदारी मात्र सक्तीची : भर उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नये, काच तडकते. पाणी पहाटे भरावे.

सौर विजेच्या पॅनेलना जागा हवी, हा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. १ किलोवॉट सौर विजेला साधारण १० चौरस मीटर गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. रोज १०० लिटर पाणी तापवणारे सोलर सुमारे ३ चौरस मीटरमध्ये बसते आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार वर्षाला १,५०० युनिटांपर्यंत वीज वाचवते, म्हणजे दिवसाला तेवढेच चार युनिट. जागा एक तृतीयांश, काम बरोबरीचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सौर विजेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, ते जरूर घ्यावे. त्यात पाणी तापवणारे सोलर येत नाही. त्याचे केंद्रीय अनुदान २०१४ मध्येच बंद झाले. म्हणूनच आहे ते मोडून टाकणे अधिक महागात पडते. उरलेल्या गच्चीवर पॅनेल बसवावे, सोलरच्या जागेवर नव्हे.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. ढगाळ दिवशी पाणी तापत नाही : खरे, पण नाशिकचे आकाश पावसाळ्यात झाकलेले असते आणि कडाक्याच्या थंडीत सर्वांत मोकळे, निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात, त्या दिवसांत दुपारी स्वच्छ ऊन असते. भाड्याच्या घरात कोण खर्च करणार : दुरुस्ती सोसायटीच्या निधीतून होते, भाडेकरूच्या खिशातून नव्हे. पाण्याला वेळ लागतो : पाइप सुधारल्यावर लागत नाही. चेअरमन ऐकत नाहीत : सभेला न जाणाऱ्यांनी हे म्हणू नये.

गॅस गिझरचा मुद्दा मात्र गंभीर आहे, कारण त्याचा हिशेब खरा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या उष्णतेपैकी ८० टक्के पाण्यात उतरली, तर ते सुमारे १४५ युनिट विजेचे काम होते, आणि महाग टप्प्यातल्या विजेपेक्षा ते स्वस्त पडते. पण बंद बाथरूममध्ये जळणारा गॅस खोलीतला प्राणवायू संपवत जातो, ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गरगरते, पाय गळतात, कडी उघडायची ताकद राहत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वाचूनही बाथरूमच्या आतच गिझर टांगला जातो. ज्या घरात तो आहे, तेथे तो आजच बाहेर, उघड्या हवेच्या बाल्कनीत न्यावा. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणून निर्धास्त राहू नये. बादलीत सोडायचा रॉडही जीवघेणाच. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये, आणि घरात लहान मुले असतील तर रॉड ठेवूच नये.

ज्यांच्या वाट्याला गच्ची नाही, त्यांनी साठवणीचा विजेचा गिझर घेताना तारांकनाच्या लेबलवरचा उष्णता-घटीचा आकडा पाहावा. पाणी न वापरता चोवीस तासांत किती युनिट नुसते उडून जातात, ते त्यावर लिहिलेले असते. तारे अधिक, घट कमी. लहान घराला मोठी टाकी घेऊ नये.

मोठ्या सोसायट्या, वसतिगृहे आणि लॉज यांच्यासाठी हीट पंप हा तिसरा मार्ग आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. एक युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता मिळते. गार हवेत हे प्रमाण घसरते. म्हणून तो पहाटे चालवू नये, दुपारी चालवून आवरण असलेल्या टाकीत पाणी साठवावे. वेळेनुसार दर लावणारे टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर झाली, तिचाही लाभ याच वेळेत होतो.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. पंचवटी आणि त्र्यंबकच्या धर्मशाळा, आखाडे, लॉज भाविकांसाठी पाणी कशावर तापवणार, हे आताच ठरायला हवे. ऐन वेळी चुली आणि रॉड लागले, तर धूर आणि धोका दोन्ही अटळ. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थासाठी तपोवनातली झाडे तोडू नयेत म्हणून हेच शहर रस्त्यावर उतरले, हरकती नोंदवल्या गेल्या. तो राग रास्त होता. स्वतःच्या गच्चीवर फुकटचे ऊन वाया जाते, त्याचा राग का येत नाही, याचे उत्तर प्रत्येक सभासदाने द्यावे.

हे आवाहन करणाऱ्या रहिवासी गटात एचएएल, नाशिकरोडचे प्रेस, एकलहरे आणि सातपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसे आहेत. गट कोणत्याही कंपनीचे कमिशन घेत नाही आणि गच्चीची पाहणी विनामूल्य करतो. त्याच्या सूचना अशा :

१. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. मे आणि जानेवारीचे युनिट शेजारी शेजारी लिहावेत. पाणी तापवण्यावर काय जाते, ते तिथेच दिसते.

२. गिझरला रात्रभर वीज देणे आजपासून बंद. अंघोळीआधी चालू, झाली की बंद. थंडीत शॉवरऐवजी बादली.

३. येत्या रविवारी सेक्रेटरी, प्लंबर आणि निदान दोन सभासदांनी गच्चीवर जावे. किती नळ्या पांढऱ्या, किती फुटक्या, टाकी गळते का, पाइपला आवरण आहे का, हे कागदावर उतरवावे आणि फोटो काढावेत.

४. दुरुस्तीची आणि नव्या यंत्रणेची अशी दोन्ही दरपत्रके निदान तिघांकडून घ्यावीत. फक्त नवे विकायला बसलेल्याला दारातूनच परत पाठवावे.

५. नवे सोलर घ्यायचेच असेल, तर ते दक्षिणेकडे तोंड करून, ३० ते ३५ अंश कलाने बसवून घ्यावे. नाशिकचे अक्षांश २० असल्याने एवढ्या कलाने हिवाळ्याचे खालचे ऊन नीट मिळते. शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरात कुठवर येते, ते आधी पाहावे.

६. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. विषयपत्रिकेत हा विषय लेखी मागणीने घालावा. दुरुस्ती निधीतून खर्च आणि वर्षाचा देखभाल करार, दोन्ही एकाच ठरावात मंजूर करावेत. कराराविना केलेली दुरुस्ती दोन वर्षांत पुन्हा कबुतरांच्या ताब्यात जाते.

७. दिवाळीपूर्वी काम संपवावे. थंडी सुरू झाल्यावर प्लंबर मिळत नाही.

८. भंगाराचा ठराव आधीच झाला असेल, तर विशेष सभा बोलावून तो थांबवावा, आणि गच्चीची पाहणी होईपर्यंत एकही नळी खाली उतरू देऊ नये.