राजीखुशीने व अक्कलहुशारीने

‘काहीच जमले नाही, तर एलएलबी आहेच!’ आपल्या कॉलेजच्या आवारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोलीसभरती हुकली, स्पर्धा परीक्षा झेपली नाही, तर उरलेल्यांनी वकील व्हावे! मित्रमैत्रिणींनो, मला हे मुळीच पटत नाही. का, ते सांगायचे तर आमच्या घरातल्या एका कागदाविषयी सांगावे लागेल.

आमचे गाव कळंब. माझे पणजोबा खंडाने जमीन कसत. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कूळकायद्याने कुळे मालक झाली, त्यांत तेही होते. म्हणजे आमच्या घरात जमीन आली ती कायद्यामुळे. आणि अर्धी गेली तीही कायदेशीर कागदानेच. 2006 साली आजोबांनी एका गृहस्थांना कुलमुखत्यारपत्र करून दिले. ‘मोजणीसाठी सही पाहिजे’ एवढेच त्यांना सांगितले होते. पुढच्या पावसाळ्याआधी शेताला तारेचे कुंपण पडले. आज तिथे फार्महाऊस आहे आणि माझी काकू तिथे झाडलोट करायला जाते.

आजोबा गेले, कागद पत्र्याच्या पेटीत राहिला. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. गेल्या वर्षी मी तो सबंध वाचून काढला. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सबब’, ‘मजकूर’. सारे मराठीच, पण मला तीनदा वाचावे लागले. शेवटी लिहिले होते, की हे सर्व राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले आहे. खाली आजोबांचा अंगठा. आजीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, ‘राजीखुशी तर नव्हतीच, बाय. आणि हुशारी असती, तर अंगठा कशाला दिला असता?’

पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी असते. 120 प्रश्न, दोन तास, संगणकावर. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, प्रश्न मराठीतही मिळतात. हे ऐकून आमच्यापैकी अनेकजण निर्धास्त होतात. परंतु त्यांतले 40 प्रश्न इंग्रजी भाषेचेच, म्हणजे एक तृतीयांश. ते शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर महिनाभरात येणारे नव्हेत. ‘आधी बी.ए. पूर्ण कर, मग बघू’ हा सल्ला मायेने दिलेला असतो हे मला ठाऊक आहे. तरी तो चुकीचा आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

तयारीच्या पुस्तकात 1872 च्या करार कायद्याचे कलम 14 आले. संमती मुक्त केव्हा मानावी, हे त्यात आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, कपट, चुकीची माहिती किंवा चूक यांमुळे दिलेली संमती मुक्त नव्हे. नेरळच्या फलाटावर ते वाचताना माझी गाडी निघून गेली! आजोबांना यांतले नेमके काय लागू पडेल, ते मला अजून नीट मांडता येत नाही. ‘आता मुदत उलटली,’ असे एका वकिलांनी बाबांना सांगितलेही आहे. शिवाय तो कागदसुद्धा कोणा शिकलेल्या माणसानेच लिहिला असणार, हेही मी विसरलेली नाही.

मी वकिलीचे मनावर घेतले हे कळल्यावर बाबांनी कल्याणच्या क्लासची चौकशी केली. फी ऐकून आले, जेवले, आणि हात धुताना म्हणाले, ‘ओढ्याकडचा तुकडा काढू या.’ मी नको म्हटले. दोन दिवस आमचे बोलणे नव्हते. त्यांना वाटले, माझा उत्साह ओसरला.

आपण भाई कोतवालांचे नाव घेतो ते विजेच्या मनोऱ्यांमुळे आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर आलेल्या मरणामुळे. ते योग्यच. पण 1912 साली माथेरानच्या एका गरीब न्हावी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वकिलीची परीक्षा पास झाला होता, शेतकऱ्यांसाठी त्याने धान्यकोठारे आणि शाळा चालवल्या, हे भाषणांत एका वाक्यात उरकले जाते. ‘काहीच जमले नाही’ म्हणून ते वकील झाले नव्हते.

सध्या मी आणि माझी एक मैत्रीण गाडीत इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतो. एकीने वाचायचा, दुसरीने मराठीत सांगायचा. अडलेले शब्द वहीच्या मागे. क्लासशिवाय आमचे निभेल की नाही, ते निकालच सांगेल. पण आमच्यासारखे आणखी सात-आठजण आहेत. इंग्रजीच्या सरांनी आठवड्यातून एक तास दिला आणि ग्रंथालयाची अभ्यासिका पाचऐवजी सहाला बंद झाली, तरी आमची सोय होईल. नेरळहून कळंबला जाणारी शेवटची सहाआसनी त्यानंतरही मिळते. मी विचारून ठेवले आहे.

(द्वितीय वर्ष कला)