विश्लेषण : छाटणीच्या फांद्या जाळायच्या की चिपरमध्ये घालायच्या? सांगली-साताऱ्यात यंत्र घेण्याआधी काय पाहावे?

तासगाव, मिरज, खानापूर, पलूसच्या द्राक्षपट्ट्यात वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दोन्ही वेळा काड्यांचे ढीग बांधावर येतात आणि बहुतेकदा तिथेच पेटवले जातात. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत पावसाळ्याआधी वीजतारांना लागणाऱ्या फांद्या तोडल्या जातात. त्यांचे ढीगही रस्त्याकडेला वाळतात आणि एखाद्या रात्री कोणीतरी काडी लावते. या कचऱ्यावर उपाय म्हणून छोट्या लाकूड चिपरची चर्चा आता शेतकरी गटांत आणि पालिकांत होते. यंत्र उपयोगी आहे, यात वाद नाही. पण प्रत्येकाने ते घ्यावे का? याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल.

कचरा किती निघतो?

द्राक्षाची लागवड ९ बाय ५ फुटांवर असेल, तर एकरात साधारण ९६८ वेली बसतात. खरड छाटणीत वेलीमागे दीड किलो ओल्या काड्या निघाल्या असे धरले, तरी एकरी जवळपास दीड टन माल होतो. तो जाळला की त्यातला कार्बन आणि बहुतेक नत्र हवेत जाते. ज्या जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढावा म्हणून शेतकरी शेणखताची ट्रॉली विकत घेतो, त्याच जमिनीच्या बांधावर तो दीड टन सेंद्रिय माल पेटवतो. हा तोट्याचा व्यवहार आहे.

शहरात प्रश्न कायद्याचाही आहे. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार झाडांचा कचरा रस्त्यावर टाकता येत नाही आणि जाळताही येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला होता. पण फांद्या न्यायच्या कुठे, याची सोय नसेल तर दंडाची पाटी लावून काही होत नाही.

चिपर, श्रेडर आणि मल्चर : फरक काय?

बाजारात तिन्ही यंत्रे एकाच नावाने विकली जातात. फसगत इथेच होते.

चिपर : जड चकती किंवा ड्रमवर धारदार पाती असतात. फांदी स्थिर ऐरणीवर टेकते आणि पाते तिचे नाण्याएवढे तुकडे करते. जाड, सरळ लाकडासाठी.

श्रेडर : पात्यांऐवजी फिरते हातोडे असतात. ते पाला, काटक्या, बारीक फांद्या ठेचून बारीक करतात. तुकडे ओबडधोबड निघतात, पण लवकर कुजतात.

मल्चर : छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओळीतून फिरवायचा. काड्या दोन ओळींच्या मध्ये टाकल्या की त्या जागेवरच बारीक होतात.

द्राक्षाच्या काड्या पेन्सिलपासून अंगठ्याएवढ्या जाडीच्या असतात. त्यांच्यासाठी चिपर घेणे म्हणजे पैसे अडकवणे. तिथे मल्चर किंवा श्रेडर पुरतो. बांधावरची सुबाभूळ, बाभूळ, कडुलिंब, जुना आंबा किंवा रस्त्याकडेचा गुलमोहर यांच्यासाठी मात्र खरा चिपर लागतो. घरच्या कडबाकुट्टीत फांद्या घालण्याचा प्रयोग तर करूच नये. तिची पाती वैरणीसाठी बनलेली असतात.

किती ताकदीचे यंत्र?

फांदीची जाडी २ इंचांवरून ४ इंच झाली, की कापायचा पृष्ठभाग दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताकदही त्याच हिशेबाने लागते. म्हणून ‘४ इंच क्षमता’ असे लिहिलेले यंत्र दिवसभर ४ इंची फांद्या खाईल, असे समजू नये. तो कमाल आकडा असतो आणि बऱ्याचदा ओल्या, मऊ, सरळ लाकडाचा. प्रात्यक्षिक पाहताना विक्रेत्याने आणलेला शेवगा नको. आपल्या बांधावरची वाळलेली, बेचक्याची बाभूळ घालून पाहावी.

ऊर्जेचा स्रोतही जागेप्रमाणे ठरतो. सिंगल फेजवरची छोटी यंत्रे परसबागेपुरती. थ्री फेज मोटर शेतात अडचणीची, कारण शेतीची वीज पाळीने येते. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाचा चाकांवरचा चिपर पालिकेला सोयीचा, तो ढिगापर्यंत नेता येतो. द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर असतोच, तिथे पीटीओवरचे यंत्र परवडते. पण ट्रॅक्टरची इंजिनाची अश्वशक्ती आणि पीटीओला मिळणारी अश्वशक्ती वेगळी असते. दुसरी नेहमी कमी. यंत्र त्याच आकड्याशी जुळवावे.

घेण्याआधी आणखी चार गोष्टी विचाराव्यात. पाती जिल्ह्यात मिळतात का? त्यांना धार कोण लावून देईल? फांदी उलटी बाहेर ढकलणारा रिव्हर्स रोलर आहे का? आपत्कालीन थांबा हाताशी आहे का?

सगळ्यात मोठा धोका कोणता?

पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा व्यास ७ सेंटीमीटर धरला, तर एका सेकंदात साधारण दोन मीटर कापड गुंडाळले जाते. पदर, उपरणे, सैल बाही अडकली तर ओरडून ट्रॅक्टर बंद करायला सांगण्याएवढाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रांत हात गेल्याच्या घटनांनंतर केंद्राने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला. त्यामागचा धडा चिपरलाही लागू होतो : माल घालायची नाळ इतकी लांब हवी, की हात पात्यापर्यंत पोचूच नये. नाळ कापून आखूड केलेले किंवा शाफ्टचे आवरण काढलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

बाकीचे नियम साधे आहेत. फांदी जाड बुंध्याकडून घालावी आणि बाजूला उभे राहावे. अडकलेले लाकूड काढताना इंजिन बंद, चावी खिशात आणि चकती पूर्ण थांबलेली हवी. डोळ्यांना चष्मा, कानाला संरक्षण आणि पायात बूट हवेत. हातमोजे अंगाला घट्ट बसणारे असावेत. शेवटची आखूड काटकी हाताने नव्हे, दुसऱ्या फांदीने ढकलावी.

आपल्याकडे एक वेगळा धोकाही आहे. द्राक्षाच्या काड्यांत मांडवाच्या तारेचे तुकडे येतात. शहरातल्या झाडांत जाहिरातींच्या फलकांचे खिळे असतात. एक खिळा पाती खराब करतो आणि गोळीसारखा बाहेरही फेकला जाऊ शकतो. माल आधी निवडून घ्यावा.

तुकड्यांचे करायचे काय?

ओळीत दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन, खोडापासून थोडे लांब. ओल टिकते आणि तण कमी होते. ताजे लाकडी तुकडे मातीत मिसळू नयेत. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र वापरतात आणि पीक पिवळे पडते. मिसळायचे असेल तर शेण आणि हिरवा पाला घालून आधी खड्ड्यात कुजवावे. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत जाड थर टाळावा.

मात्र रोगट माल याला अपवाद आहे. आटपाडीच्या डाळिंबबागेतील तेल्याग्रस्त फांद्या बारीक करून बागेत पसरल्या, तर रोगही पसरतो. अशा फांद्या बागेबाहेर नेऊन नष्टच कराव्या लागतात. ‘काहीही जाळू नका’ ही घोषणा इथे चालत नाही.

मग घ्यायचे कोणी?

गणित करून पाहू. समजा यंत्र दीड लाखाचे आहे आणि आठ वर्षे चालते. वर्षाला १८,७५० रुपये घसारा. एकट्या शेतकऱ्याने वर्षात १५ तास वापरले, तर तासाला १,२५० रुपये. गटाने १५० तास वापरले, तर १२५ रुपये. डिझेल, मजुरी आणि पाती वेगळी. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, अवजारे बँक, ग्रामपंचायत किंवा भाड्याने काम करणारा तरुण हे यंत्राचे योग्य मालक आहेत. भाड्यासोबत शिकलेला चालकही मिळाला पाहिजे. असे यंत्र अनोळखी हातात देणे धोक्याचे आहे.

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान कमाल मर्यादेत मिळते. मात्र आपले मॉडेल यादीत आहे का, हे महाडीबीटीवर आधी तपासावे. पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान हातचे जाते. कालवडे, बोरगाव आणि कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांनी छाटणीच्या हंगामातच प्रात्यक्षिके ठेवली, तर शेतकऱ्यांचा निर्णय सोपा होईल.

आणि यंत्र आले म्हणजे झाड तोडायचा परवाना मिळाला असे नाही. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. महाबळेश्वर-पाचगणी हा तर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

पुढे काय व्हावे?

सुरुवात पालिकांनी करावी. त्यांच्याकडे माल वर्षभर असतो, त्यामुळे यंत्र पडून राहणार नाही. फांद्या तोडण्याचे काम देतानाच त्या बारीक करून उचलण्याची अट घालावी आणि तुकडे शहरातल्याच बागांना द्यावेत. गावांत पुढच्या खरड छाटणीआधी गटाने बसून तीन आकडे काढावेत : एकूण एकर, सर्वात जाड फांदी आणि वर्षातले तास. हे आकडे हातात असतील, तर कोणते यंत्र घ्यायचे हे विक्रेत्याला ठरवू द्यावे लागणार नाही.