बेंजोची बाजू

वाद्यांतही सोवळेओवळे असते. तंबोरा गवसणी घालून दिवाणखान्यात उभा राहतो, सतारीला पाहुण्यांसमोर बसण्याचा मान मिळतो, पेटीला निदान भजनापुरते तरी घरात घेतात. आणि लाकडी खोक्यावर तारा ताणलेला, वर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविलेला तो बिचारा बेंजो मात्र माळ्यावर, फुटक्या पिंपाच्या आड पडून राहतो. त्याचे नाव काढले की चांगली शिकलेली माणसे नाक मुरडतात. "ते काय वाद्य आहे? वरातीतला कलकलाट तो!" ह्या नाक मुरडण्याशी मला भांडायचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरातली सगळी माणसे एका जागी सापडतात ती ह्याच चार दिवसांत. आणि माळा साफ करून भंगारवाल्याला हाक मारली जाते तीही ह्याच दिवसांत. तेव्हा भांडण आजच उरकलेले बरे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी काडीचाही संबंध नाही. तो बँजो चामडे ताणलेला, लांब मानेचा, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांतून जन्मलेला. आपला बेंजो, ज्याला उत्तरेत बुलबुल तरंग असे गोड नाव आहे, तो अस्सल जपानी. नागोया शहराच्या ओसू भागात मोरिता गोरो ह्या नावाने वावरणाऱ्या एका गृहस्थाने 1912 साली तो घडविला. जपानात दोन तारांचे एक जुने कोतो वाद्य होते; त्याला ह्याने टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर कळा बसविल्या. कळ दाबली की ती तारेला खालच्या पडद्यावर टेकवते, दुसऱ्या हातातल्या नखीने तार छेडायची, की स्वर आलाच. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून नाव पडले ताइशोगोतो. तेथून ते जहाजांत बसून निघाले आणि जेथे उतरले तेथले होऊन गेले. बालीत त्याला पेंटिंग म्हणतात, बलुचिस्तानात बेंजू, पंजाबात बुलबुल तरंग आणि आपल्या महाराष्ट्रात बेंजो. एका नागोयाकराची करामत अर्ध्या आशियाने आपल्या भाषेत वाजवली. असे भाग्य किती वाद्यांच्या वाट्याला आले आहे?

आता आरोप घेऊ. पहिला आरोप, की हे वाद्य नव्हे, खेळणे आहे. कोणालाही आठ दिवसांत वाजवता येते. मला तर हा आरोप ऐकून हसावे की रडावे तेच कळत नाही. जे कोणालाही वाजवता येते ते हलके, आणि जे शिकायला बारा वर्षे व परवडायला बापाची जमीन लागते ते भारी, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे गाव. येथली जुनी गिरणी 1877 साली उभी राहिली. पुढे भोंग्यावर उठणाऱ्या आणि भोंग्यावर झोपणाऱ्या माणसांनीच ह्या गावाचा आकार ठरविला. दिवसभर मागापाशी उभा राहिलेला माणूस रात्री गुरूच्या पायाशी बसून मींड कधी घोटणार? त्याला हवे असते ते असे वाद्य, की जे मांडीवर घेतले की तासाभरात एखादे भजन ओळखू येण्याजोगे निघावे. बेंजोने हे काम केले. सोपेपणा हा त्याचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. आणि सोप्या वाद्यावर अवघड काम होत नाही, हेही खोटे. बलुची वादकांनी हेच खेळणे घेतले, त्याची लांबी वाढविली, साथीच्या तारा वाढविल्या आणि त्याला आपल्या संगीतातले मानाचे सुरेल वाद्य करून ठेवले. खोके तेच, त्याच्यापुढे बसणाऱ्याने त्याला मान दिला, एवढाच फरक.

दुसरा आरोप जाणकारांचा. बेंजोवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, स्वर पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतात. हे बरेचसे खरे आहे आणि खरे ते मान्य केले पाहिजे. कळ जरा जोराने दाबली तर स्वर किंचित चढतो, चतुर वादक त्यावर थोडी कलाकुसर करतो. पण तेवढ्याने सतार होत नाही. परंतु वाचकहो, हाच आरोप पेटीवर नव्हता का? 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या दारातून बाहेर काढले ते ह्याच कारणासाठी, आणि ती बंदी जराशी सैल व्हायला 1971 साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या किती गायकांनी पेटी टाकून दिली? एकानेही नाही म्हटले तरी चालेल! गोविंदराव टेंब्यांच्या पेटीने मैफली जिंकल्या त्या तिच्यात मींड होती म्हणून नव्हे, तर मींड नसतानाही तिच्यातून काय काढावे हे त्यांना कळले होते म्हणून. वाद्याची मर्यादा हा वाद्याचा गुन्हा नव्हे. वीणेची तक्रार बेंजोपाशी करणे म्हणजे भाकरीला पुरणपोळी नसल्याबद्दल शिक्षा देणे होय. आणि सोलापुरात बसून भाकरीची निंदा करण्याचे धाडस मी तरी कोणाला सुचविणार नाही. मग ती कडक भाकरी का असेना.

तिसरा आरोप, की हे परके आहे. त्यावर मी एवढेच विचारतो, की तुमच्या घरात आपले काय आहे? पेटीचा मूळ साचा पॅरिसच्या दबॅंने 1842 साली नोंदविला. व्हायोलिन इटलीचे, क्लॅरिनेट जर्मनीचे. ब्रिजभूषण काब्रांनी रागदारीत आणली ती गिटारही साता समुद्रांपलीकडची. तेव्हा परकेपणाची चौकशी सुरू केली तर लग्नाच्या बँडपासून नाट्यगृहाच्या ऑर्गनपर्यंत सगळ्यांनाच दाराबाहेर उभे करावे लागेल.

पण एका सोलापूरकराने मला ह्याहून टोकदार प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "ज्या गावाचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनमध्ये गेले आणि जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांची सेवा करता करता 1942 साली तेथेच वारले, त्या गावात जपानी वाद्याचे कौतुक?" प्रश्न साधा नाही, आणि तो झटकून टाकावा असाही नाही. मी विचार केला आणि माझे उत्तर असे, की डॉक्टर कोटणीस लढले ते सैन्याच्या क्रौर्याशी; जपानच्या सुताराशी, तार ओढणाऱ्याशी, कळा बसविणाऱ्याशी त्यांचे वैर नव्हते. राजवटीचे पाप कारागिराच्या माथी मारायचे ठरविले, तर जगातल्या कोणत्याही देशाची एकही वस्तू हातात धरता येणार नाही.

चौथा आरोप सर्वांत मोठ्या आवाजाचा, आणि तोच सर्वांत अन्यायाचा. बेंजो म्हणजे मिरवणुकीतला गोंगाट, म्हातारे-कोतारे आणि तान्ही मुले ह्यांचा वैरी! अहो, बेंजो नुसता वाजवला तर शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू जातो. पुढे त्याला विजेचा कान लावला, तो कान कर्ण्याला जोडला, कर्ण्यांची भिंत ट्रकवर चढविली, आणि भिंतीच्या आवाजाने खिडक्या हादरू लागल्यावर दोष मात्र बेंजोच्या पदरात! आज तर बहुतेक मिरवणुकांतून बेंजोवालाही हद्दपार झाला आहे. भिंत उरली आहे, वाजविणारा हात उरलेला नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. बिनकर्ण्याचा बेंजो त्या मर्यादेचा भंग करील अशी भीती कोणालाही वाटणार नाही. भंग कोण करतो ते सर्वांना ठाऊक आहे, फक्त त्याच्या मंडळाची वर्गणी आपणच दिलेली असते म्हणून आपण गप्प बसतो.

इतके सगळे मान्य करून काही नवे रसिक पुढे येतात, आणि त्यांची मला पहिल्यांपेक्षा अधिक धास्ती वाटते. हे जुन्या वस्तूंचे षौकीन. त्यांना जपानी अक्षरे कोरलेली पट्टी दिसली की पुरे. बेंजो पुसतात, भिंतीवर टांगतात आणि पाहुण्यांना किंमत सांगतात. त्याच जातीची दुसरी मंडळी जपानी गिटारींच्या मागे असते. यामाहाने 1966 साली काढलेली लाल छापाची गिटार त्यांना पाठ असते, कारण तिचे नाव मोठे. पण गिफू प्रांतात यायरी घराण्याने घडविलेली गिटार, मात्सुमोतोच्या हेडवे कारखान्यातली गिटार, किंवा ज्यांची नावेही पुसली गेली अशा लहान कारखान्यांचे काम कानाने पारखायची त्यांची तयारी नसते. एके काळी ह्या जपानी गिटारींना अमेरिकेची नक्कल म्हणून हिणवीत. नक्कल तर होतीच. शिकणारा प्रथम गिरवतोच. नागोयाच्या शामिसेन बनविणाऱ्या घरातल्या मासाकिची सुझुकीने परक्याचे व्हायोलिन पाहून आपले पहिले व्हायोलिन केले, आणि त्याचाच मुलगा शिनिची पुढे साऱ्या जगातल्या मुलांना व्हायोलिन कसे शिकवावे हे सांगू लागला. छाप पाहून माल घेणाऱ्यांची फसवणूक कशी होते, हे सोलापूरकराला तरी सांगायला नको. आमच्या चादरीचे नाव लावून दुसरीकडचा माल विकला जातो, तेव्हा आम्हीच ओरडतो ना, की छाप पाहू नका, वीण पाहा? मग वाद्याच्या बाबतीत हाताने वीण पाहायला कोणी मनाई केली आहे?

वस्तू मालकीची होते ती पैसे टाकल्याने नव्हे, राबता ठेवल्याने. माझ्याकडच्या जुन्या बेंजोने मला हे शिकविले. असे वाद्य हाती आले तर प्रथम तबली पाहावी, तडा गेला आहे का, आणि घोडीखाली ती खचली आहे का. मग एकेक कळ दाबून सोडावी. उसळून वर येते की चिकटून बसते ते पाहावे. गंजलेल्या तारा बिनदिक्कत काढून टाकाव्या, तारेत इतिहास नसतो. नव्या तारा एकदम ताणू नयेत. जुन्या लाकडाला दोन-चार दिवस सवय होऊ द्यावी. मग वरच्या सा ची कळ दाबून पाहावी. खुल्या तारेचा आणि तिचा सूर जुळला तर पडदे जागेवर आहेत. नाही जुळला तर घोडी जराशी पुढेमागे सरकवावी. आणि सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर गेला, की तारा सैल करून वाद्य पत्र्याच्या माळ्यावरून खाली आणावे. इतके केले की ते तुमचे झाले. भिंतीवर टांगलेले वाद्य मात्र नेहमी खिळ्याच्या मालकीचे असते.

हलक्या समजल्या गेलेल्या वाद्याला मान मिळत नाही, असे मला सांगू नका. सुंद्री कोठली? सनईची धाकटी बहीण शोभेल एवढीशी. ती कोण मैफलीत नेणार होते? पण ह्याच सोलापूरच्या सिद्राम जाधवांनी ती ओठाला लावली, भीमण्णा जाधवांनी ती पुढे नेली, आणि आज सुंद्री म्हटले की सोलापूर आठवते. तंबोऱ्याचा भोपळा आपल्याच पंढरपूरच्या बाजूला पिकतो. त्याची मिरजेत सतार होते आणि मिरजेच्या सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळते. मान वेलीवर लागत नाही. कोणीतरी भोपळा उचलून त्यात सूर ऐकावा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या दोनच आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेपासून गणपतीपर्यंत जी मंडळे लाखोंचे कर्णे आणतात, त्यांनी एक संध्याकाळ, फक्त एकच, बिनकर्ण्याच्या वाद्यांसाठी ठेवावी आणि तीत गल्लीतल्या जुन्या बेंजोवाल्याला बोलावून खुर्चीवर बसवावे. आणि संगीतवर्गांनी, दारात बेंजो घेऊन आलेल्या पोराला "पेटी आण, मग ये" असे सांगून परत पाठवू नये. ते पोर सूर शोधत आले आहे. त्याच्या हातात खोके कोणते आहे, हा प्रश्न नंतरचा. त्याला आत घ्या, सा लावायला सांगा, आणि तो लागेपर्यंत गप्प बसून ऐका.