मूळगाव कोणते?

आमच्या वाडवळ मंडळींत लग्नाची बोलणी सुरू झाली, की कोणी तरी वडीलधारा घसा खाकरून म्हणतोच, "आम्ही मूळचे इथले नव्हे हो!" मग प्रतापबिंब निघतो, त्याच्याबरोबर आलेली ६६ कुळे निघतात, कोणी पैठणचे नाव घेतो, कोणी चांपानेरचे. साक्षीला महिकावतीची बखर असतेच. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली आणि केळवे-माहीमच्या ओट्यांवर तिचा पाठ अजून चालू आहे.

मूळ शोधू नये, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या चिकानो तरुणांनी १९६९ साली डेन्व्हरच्या परिषदेत अझ्टलान या दंतकथेतल्या मायभूमीचे नाव पुकारले, ते याच भुकेपोटी. पण त्यांचे अझ्टलान होते कोठे? त्यांच्या पायांखालीच! १८४८ च्या तहाने अमेरिकेने मेक्सिकोकडून घेतलेला तो मुलूख. तेथे राबणाऱ्याला कोणी उपरा म्हणू नये, म्हणून ते नाव. आमचे पैठण नेमके उलट कामी येते. शेजारच्या वारल्याहून आपण कोणी वरच्या पायरीचे, हे सांगायला ते लागते.

कुळांना गावे मिळाली, वृत्त्या मिळाल्या, हे आम्ही अभिमानाने सांगतो. ती गावे काय समुद्रातून वर आली होती? राजवाड्यांनी प्रस्तावनेत कातवडी, वारली, कोळी यांचाही विचार केला आहे. तेवढी पाने आम्ही भराभर उलटतो.

आणि इतके मागे तरी कशाला जा? तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या लोकांना मूळगाव शोधायला बखर लागत नाही. घर कोठे होते, विहीर कोठे होती, ते बोट दाखवून सांगतील; तेथे परत नांदता मात्र येणार नाही. आठ-नऊशे वर्षांपूर्वी सुटलेल्या गावासाठी आमचा ऊर भरून येतो. डोळ्यांदेखत गेलेल्या गावासाठी ज्ञातिसभेत एक ठराव झाल्याचे मला आठवत नाही.

वाडवळ हे आमचे नाव वाडीवरून पडले, असे आम्हीच सांगतो. पैठणात आमची एक तरी वाडी आहे काय? आमचे मूळगाव हेच. वारल्याचेही हेच, आणि तो आमच्या आधीचा. हे ज्याला पटेल त्याने आधी पोफरणच्या माणसाशेजारी जाऊन उभे राहावे. बखरीचे पाठ मग खुशाल म्हणावेत.