ओपीडी सकाळी, पुरुष कामावर



नोव्हेंबरात पुरुष दिन आला की ‘मन मोकळं करा, रडायला लाजू नका’ अशा संदेशांचा पाऊस पडतो. सल्ला वाईट नाही. पण त्यात सगळा दोष पुरुषाच्या अबोलपणावर ढकललेला असतो. तो बोललाच तर ऐकायला कोण, कुठे आणि किती वाजता बसले आहे, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात, २२,७४६. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर निदान विधानसभेत गदारोळ तरी होतो. एकूण मृतांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवरचे मजूर होते, त्यांची चार ओळींची बातमीही होत नाही.

आपली व्यवस्था या माणसाला कशी चुकते ते पाहा. आरोग्य केंद्रातली मुख्य ओपीडी सकाळची. त्याच वेळी हा नाक्यावर कामाची वाट पाहत उभा असतो. दवाखाना गाठला तर रोज बुडतो. आशाताई घरोघर फिरतात त्या दिवसा, तेव्हा घरी भेटतात बाया आणि म्हातारी माणसे. चुकून पुरुष भेटलाच, तर ‘भाऊ, मन उदास असतं का?’ हे विचारणे ताईंना अवघड आणि उत्तर देणे त्याला त्याहून अवघड. शेवटी अगदीच निभत नाही तेव्हा तो दवाखान्यात जातो, तो झोप लागत नाही, पित्त होते, पाठ धरते म्हणून. बाहेर रांग लागलेली असते. डॉक्टर पित्ताची गोळी लिहून देतात; दारू किती, देणे किती, जगणे नकोसे होते का, हे प्रश्न राहून जातात.

‘पुरुष मदत घेतच नाहीत’ ही समजूत म्हणूनच मला सोयीची वाटते. ती व्यवस्थेला मोकळे सोडते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना दारूबद्दल साधे प्रश्न विचारले आणि ज्यांचे पिणे घातक ठरत होते त्यांच्याशी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी मोजक्या भेटींत बोलणे केले. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्के पुरुषांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. फरक डोळे दिपवणारा नाही, पण माणसे बसली, बोलली, हे महत्त्वाचे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावातच सेवा नेली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कर्ज आणि पडलेला बाजारभाव समुपदेशनाने सुटतो का? नाही सुटत. भाव आणि पीकविमा मागितलाच पाहिजे, आणि समुपदेशन हे त्याला पर्याय म्हणून कुणी पुढे करत असेल तर त्याला हाकलून द्यावे. पण सारखेच कर्ज असलेले दोघे शेजारी असतात, त्यातला एकच टोकाला जातो. त्याची झोप, त्याचे पिणे, त्याचे एकटेपण यांकडे आज कुणी पाहायचे, हा प्रश्न उरतोच. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. पुरुषाच्या दारूचा आणि रागाचा मार बाईच खाते, मग सहानुभूती त्यालाच का? मारहाणीला माफी नाहीच, तिथे कायदा हवा. पण त्याचे पिणे वेळीच आटोक्यात आले तर पहिला दिलासा तिलाच मिळेल, आणि तिच्या वाट्याचा निधी कापून हे करा असे मी म्हणत नाही.

मागणी साधी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि संध्याकाळी उशिरापर्यंत आरोग्य केंद्रात समुपदेशक बसवावा. झोपेची किंवा पित्ताची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक पुरुषाला दारूबद्दल आणि मनाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारणे बंधनकारक करावे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, तिचा फलक दवाखान्याच्या भिंतीपेक्षा एसटी स्टँड, बाजार समिती आणि देशी दारूच्या दुकानाबाहेर जास्त उपयोगी पडेल.

– एक वाचक, अमरावती