मसूर पिकवणारा देश आणि त्याचं ताट

परवा फोनवर आईने नेहमीचा प्रश्न विचारला, "तिकडे डाळी नीट मिळतात ना रे?" आई कराडची. म्हटलं, अगं, काल तू अख्खा मसूर केलास ना, तो कदाचित इथूनच आलेला असेल! तिला काही ते पटलं नाही. पण कॅनडाचा बहुतेक सगळा मसूर आमच्या या सास्काचवान प्रांतात पिकतो आणि मसुराच्या निर्यातीत कॅनडाचा जगात पहिला नंबर आहे. गंमत म्हणजे इथल्या सुपरमार्केटात तो हवा असेल तर 'इंटरनॅशनल' अशी पाटी लावलेल्या रांगेत जावं लागतं. शंभर किलोमीटरवर पिकलेला मसूर इंटरनॅशनल, आणि कॅलिफोर्नियाहून ट्रकने आलेली ब्रोकोली मात्र घरची!

२०१९च्या जानेवारीत दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. माणसाला आणि पृथ्वीला, दोघांनाही झेपेल असा आहार कोणता, याचे आकडे ईट-लॅन्सेट आयोगाने जाहीर केले. रोज ७५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (सोयाबीन धरून) आणि लाल मांस जेमतेम १४ ग्रॅम. त्याच महिन्यात कॅनडा सरकारचा नवा 'फूड गाईड' आला. अर्धं ताट भाज्या-फळं, पाव ताट अख्खी धान्यं, पाव ताट प्रथिनं, आणि त्यातही वनस्पतींची प्रथिनं जास्त वेळा निवडा, असा सल्ला. दुधाचा वेगळा गट काढून टाकला. दूधवाले नाराज झाले, पण मला विचाराल तर सल्ला उत्तम होता.

आता प्रश्न असा, की लोकांनी हा सल्ला मनावर घेतला तर देशात तेवढा माल आहे का? आम्हा इंजिनियर लोकांना मास बॅलन्सची खोड. अन्नपुरवठ्याचा हिशोबही तसाच असतो. उत्पादन, आयात आणि जुना साठा यांची बेरीज करायची, त्यातून निर्यात, बियाणं, जनावरांचं खाद्य, नासाडी आणि शिल्लक साठा वजा करायचा, उरेल त्याला लोकसंख्येने भागायचं. मी एका पाकिटाच्या मागे गणित करून पाहिलं. रोज ७५ ग्रॅम म्हणजे माणशी वर्षाला २७ किलो. लोकसंख्या चार कोटींच्या थोडी वर, म्हणजे साधारण ११ लाख टन लागतील. २०२४ साली इथे नुसता मसूर पिकला सुमारे २४ लाख टन! वाटाणा आणखी ३० लाख टन. हरभरा, राजमा, सोयाबीन तर धरलेच नाहीत.

पण त्या हिशोबात 'निर्यात' नावाची एक ओळ आहे, आणि जवळजवळ सगळा मसूर त्या ओळीतून देशाबाहेर जातो.

याचं कारण जुनं आहे. मसूर इथे आला तो कोणाला खायचा होता म्हणून नव्हे. १९७०च्या सुमारास गव्हाला गिऱ्हाईक नव्हतं, शेतकऱ्याला दुसरं पीक हवं होतं. सास्काटूनच्या विद्यापीठात १९७१मध्ये पीकसंशोधन केंद्र निघालं, तिथे अल स्लिंकार्ड यांनी मसूर हाती घेतला आणि १९७८मध्ये 'लेअर्ड' हे वाण आलं. कोरडवाहू जमिनीत येणारं पीक. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, खत वाचतं, पुढच्या गव्हाला फायदा. पूर्वी जी जमीन एक वर्षाआड पडीक ठेवत, तिथे मसूर उभा राहिला. शेतीच्या बाजूने सगळं कसं झकास जमलं. बाजारपेठ मात्र पहिल्यापासून परक्याची.

बरं, देशाला काय लागेल ते पाहून पुरवठा आखणं सरकारला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. दूध, अंडी आणि कोंबडी यांचा इथे पन्नासेक वर्षं कोटा आहे. देशात किती खपेल याचा अंदाज घ्यायचा, तेवढंच उत्पादन शेतकऱ्यांत वाटून द्यायचं, बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर लावायचा. म्हणजे गाईडने ज्याचा वेगळा गट काढून टाकला त्याचं लिटरपर्यंत नियोजन, आणि जे जास्त खा म्हटलं ते नशिबावर. (मसुराला कोटा लावा असं मी म्हणत नाही. दोन वर्षांत पीक मरेल!)

कोणी म्हणेल, निर्यात झाली म्हणून काय बिघडलं? आई खातेच आहे की. मान्य. पण तिच्या ताटात मसूर होताच, तो इथून गेल्याने इथल्या ताटातलं बीफ कमी होत नाही. शिवाय मोजकीच गिऱ्हाईकं असली की शेतकऱ्याचं काय होतं? डिसेंबर २०१७मध्ये भारताने मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं. त्या वर्षी आपल्याकडे तुरीचे भाव पडले होते, तेव्हा भारताचंही चूक म्हणवत नाही. पण झळ इथे लागली. मार्च २०२५मध्ये चीनने इथल्या वाटाण्यावर १०० टक्के कर लावला. घरात ११ लाख टन खपत असते तर असे धक्के थोडे तरी सोसले असते.

आमच्या ओळखीचे एक आजोबा तीस वर्षं मसूर लावतात. त्यांना विचारलं, तुम्ही खाता कसा? म्हणाले, "सूपमध्ये. वर्षातून दोनदा."

तर आता त्यांना गोडा मसाला देऊन सुधारणा होणार नाही, हे मलाही कळतं. खप वाढतो तो मोठ्या स्वयंपाकघरांतून. २०२४मध्ये केंद्र सरकारने शाळांतल्या जेवणासाठी पाच वर्षांत १०० कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. मेनू अर्थातच प्रांतांच्या आणि शाळांच्या हातात. आठवड्यातून दोन दिवस त्यात मसूर घाला, एवढीच माझी मागणी आहे. चिली म्हणा, बर्गर म्हणा, आमटी नाही म्हटलं तरी चालेल.